एका मिनिटाचा चित्रपट

भातकापणी आटोपली म्हणजे रत्नागिरी तालुक्यांतील पालीसारख्या गांवीं मोकळ्या झालेल्या शेतांत, जमिनींतील उरल्यासुरल्या ओलाव्यावर, पावटा, कुळीथ, कडवे वाल पेरण्याची वहिवाट फार जुनी आहे. पेरणारा दाणे टाकतो आणि घरीं जातो. आठवड्यानें पुन्हां शेतावर येऊन पाहतो, तों मातीला भेगा पडून दोन दोन पानें वर आलेलीं असतात. हें दृश्य त्यानें जन्मभर पाहिलेलें असतें; परंतु अंकुर वर येत असतांना मात्र त्यानें तो कधींच पाहिलेला नसतो. काल दाणा होता, आज रोप आहे. मधला प्रवास कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीं. माणसाचा डोळा थकतो, मन दुसरीकडे धांवतें, आणि वाढणारी वस्तु कोणाचीहि वाट न पाहतां आपल्या गतीनें वाढतच राहते.

हा न दिसणारा प्रवास लोकांना दाखवावा असें १९१२ सालीं मुंबईस दादर येथें राहणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या मनांत आलें. त्यानें एका कुंडींत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा मांडला, आणि महिनाभर त्या एकाच वस्तूचीं चित्रें घेतलीं. तीं सलग पडद्यावर दाखविलीं तेव्हां दाणा फुटला, कोंब वर आला, पानें उलगडलीं आणि पाहतां पाहतां त्याचा वेल झाला. महिन्याचें काम एका मिनिटाहून किंचित् अधिक वेळांत डोळ्यांसमोरून सरकून गेलें. त्या चिमुकल्या पटाचें नांव ‘अंकुराची वाढ’, आणि तो करणारे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळक्यांचें नांव निघालें कीं ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत तो लोकांसमोर आला ही तारीखहि पुष्कळांना तोंडपाठ असते. परंतु आज शाळा-महाविद्यालयांतून जीं मुलें पांच-दहा मिनिटांचे चित्रपट करूं लागलीं आहेत, त्यांनीं हरिश्चंद्राच्या आधीं त्या वाटाण्याच्या वेलाकडे पाहावें हें बरें. कारण हरिश्चंद्र ही एका निर्मात्याची कृति आहे, आणि वाटाण्याचा वेल ही एका विद्यार्थ्याची.

फाळक्यांना विद्यार्थी म्हणणें कोणास विचित्र वाटेल. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. छायाचित्रण, जादूचे प्रयोग, छपाई असे अनेक उद्योग त्यांनीं करून पाहिले. चाळिशी उलटल्यावर माणसें मुलांच्या शिक्षणाची काळजी करूं लागतात. फाळके त्या वयांत स्वतःच नव्यानें शिकावयास बसले. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट मुंबईंत पाहून, असेच आपले राम-कृष्ण पडद्यावर कां दिसूं नयेत, या विचारानें त्यांना झपाटलें. मिळेल तो चित्रपट पाहावा, त्याची उकल करावी, पुस्तकें मागवावीं, रात्र रात्र जागावें, असा क्रम महिनोन्महिने चालला. आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्या डोळ्यांच्या बळावर हें सर्व करावयाचें, ते डोळेच अधू झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनीं आणि चष्म्यांच्या साहाय्यानें ती दृष्टि परत मिळाली.

पुढें विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनीं पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें ते लंडनला गेले. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यांत चित्रीकरणाचीं सर्व अंगें त्यांनीं डोळ्यांखालून घातलीं. विल्यम्सन कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडांना छिद्रें पाडण्याचें यंत्र घेतलें, कोरी फिल्म मागविण्याची व्यवस्था केली, आणि १ एप्रिलला ते मुंबईस परत आले. तेथील मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा! मे महिन्यांत यंत्रें आलीं तेव्हां तीं जोडून देण्यास कोणी कारागीर नव्हता. सोबत आलेल्या आकृतीवरून फाळक्यांनीं तीं स्वतः चार दिवसांत उभीं केलीं. मग शेजारपाजारच्या मुलामुलींचीं चित्रें घेऊन यंत्र नीट चालतें कीं नाहीं याची परीक्षा केली. आणि त्यानंतर कुंडींत वाटाणे पडले.

येथें थोडा हिशेब करण्यासारखा आहे. त्या काळीं हातानें दांडा फिरवून चित्रपट दाखवीत, आणि सेकंदाला सुमारें १६ चित्रें पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटास ९६० चित्रें झालीं. तीं ३० दिवसांवर वांटलीं तर रोजचीं ३२ होतात. हा केवळ अंकगणिताचा अंदाज आहे. परंतु त्यावरून कामाचें स्वरूप ध्यानांत येतें. दिवसामागून दिवस त्याच जागीं येऊन उभें राहावयाचें. कॅमेरा बोटभर हलतां कामा नये, कुंडी सरकतां कामा नये. प्रकाश एकदां कमी आणि एकदां अधिक पडला तर पडद्यावर सारें लुकलुकूं लागणार. शिवाय घेतलेलें चित्र कसें उमटलें हें फिल्म धुतल्यावांचून कळत नाहीं. एखादी चूक महिन्याच्या अखेरीस उघडकीस आली तर वाटाणे पुन्हां पेरतां येतील. पण गेलेला महिना कोठून आणावयाचा? आणि डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाच्या घरीं महिना म्हणजे कांहीं थोडीथोडकी वस्तु नव्हे.

ज्याच्या मनांत राम-कृष्ण भरलेले होते, त्यानें आरंभाला वाटाणा कां निवडावा? एक कारण उघड आहे. वाटाण्याला पोषाख लागत नाहीं, वेतन लागत नाहीं, संवाद पाठ करावे लागत नाहींत. परंतु याहून खोल असें दुसरें कारण संभवतें. नाटकांत जें दिसतें तेंच चित्रपटांत दाखविलें, तर चित्रपटाचें वेगळेपण तें काय? वाटाण्याचा अंकुर वाढतांना रंगभूमीवर दाखवितां येत नाहीं, चित्रकाराच्या फलकावर तर नाहींच. काळाला आवळून मुठींत धरण्याची शक्ति या एकट्या यंत्राजवळ आहे. शिकणाऱ्यानें हातीं आलेल्या साधनाला पहिला प्रश्न हाच विचारावयाचा असतो: ‘दुसऱ्या कोणाला जें करतां येत नाहीं, असें तूं काय करूं शकतोस?’ फाळक्यांनीं तो प्रश्न विचारला आणि एका मिनिटांत उत्तर मिळविलें.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, हें सारें ज्ञानासाठीं नव्हतें, पैशासाठीं होतें. आक्षेप खोटा नाहीं. पौराणिक चित्रपटाला लागणारें भांडवल फाळक्यांजवळ नव्हतें, आणि निवडक मंडळींस हा पट दाखविण्यांत त्यांचा हेतु भांडवल मिळविण्याचाच होता. यशवंतराव नाडकर्णी यांसारख्या गृहस्थांनीं तो पाहिला आणि मग कर्ज देण्याची तयारी दाखविली. परंतु यांतहि शिकण्यासारखें आहे. फाळके उत्तम बोलणारे होते. शब्दांनीं ते चार लोकांना मोहवूं शकले असते. त्यांनीं तसें केलें नाहीं. ‘मला येतें’ असें म्हणण्याऐवजीं त्यांनीं ‘हें पाहा’ असें म्हटलें. जो विद्यार्थी आपल्या कृतीला स्वतःची साक्ष देऊं देतो, त्याला शिफारसपत्राची गरज उरत नाहीं.

पण त्या एका मिनिटाला एकट्या फाळक्यांचें म्हणणें हा अन्याय होईल. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं फिल्मला छिद्रें पाडण्याचें आणि ती धुण्याचें काम शिकून घेतलें होतें. कोरी फिल्म उजेडांत उघडतां येत नसे. दिवसभराचा संसार आटोपल्यावर अंधारांत बसून, केवळ बोटांच्या अंदाजानें तें काम करावें लागे. पुढें हरिश्चंद्राच्या वेळीं चित्रपटांत काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकहि त्यांच्याच अंगावर पडला. कर्जासाठीं त्यांचे दागिनेहि तारण पडले. घरांत लहान मुलें, पतीचे डोळे नुकतेच बरे झालेले, मिळकतीचा भरंवसा नाहीं, आणि पुढ्यांत वाटाण्याची एक कुंडी! अशा स्थितींत एखादी गृहिणी ‘हा खेळ पुरे’ असें म्हणाली असती तर तिला दोष देतां आला नसता. सरस्वतीबाईंनीं तसें म्हटलें नाहीं, म्हणून कुंडी जागेवर राहिली. पडद्यावर वेल दिसतो. त्याला कोणाच्या हातांनीं पाणी घातलें हें दिसत नाहीं.

फाळक्यांनीं पुढें अनेक चित्रपट केले. परंतु शिकणें आणि शिकविणें यांची त्यांची ओढ कमी झाली नाहीं. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हें दाखविणारा एक छोटा पट त्यांनीं १९१७ च्या सुमारास काढला, आणि त्यांत ते स्वतः काम करीत असलेले दिसतात. कष्टानें मिळविलेली विद्या कुलुपांत ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला.

त्यानंतर सोळा वर्षांनीं, १९६० सालीं, पुण्यास प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारांत भारत सरकारनें चित्रपटविद्येची संस्था स्थापन केली. ज्यासाठीं फाळक्यांना पॉलिसी तारण ठेवून समुद्र ओलांडावा लागला, तें शिक्षण पुण्यांत मिळूं लागलें. तेथील विद्यार्थी शिक्षणाचा भाग म्हणून छोटे चित्रपट करतात. वेळ ठरलेला, दिवस ठरलेले, सामग्री मोजकी. फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत विद्यार्थ्यांच्या चित्रपटांसाठीं एक निराळा विभाग असतो. २०२४ सालीं त्यांत पहिलें पारितोषिक या पुण्याच्या संस्थेंतील चिदानंद नाईक या विद्यार्थ्याच्या १६ मिनिटांच्या कन्नड चित्रपटाला मिळालें. नाईक हे मूळचे वैद्यकीचे पदवीधर. त्यांनींहि एक वाट सोडून दुसरी धरलेली. चित्रणास मिळाले ते चार दिवस. आणि कथा कोणती? तर एक म्हातारी गांवचा कोंबडा चोरून नेते आणि गांवांत सूर्यच उगवेनासा होतो, ही लोककथा. फाळक्यांचा वाटाणा आणि नाईकांचा कोंबडा यांत शतकाहून अधिक अंतर आहे. परंतु दोघांनींहि आपल्या मुठींत मावेल एवढीच वस्तु उचलली, हें साम्य लक्षांत घेण्यासारखें आहे.

आज साधनांची वाण उरलेली नाहीं. मोबाइल घरोघरीं आहे. चित्र कसें आलें हें तत्क्षणीं दिसतें. नको असलेलें पुसून टाकतां येतें. याबद्दल हळहळ करण्याचें कारण नाहीं. अंधारांत बोटांनीं छिद्रें पाडण्यांत स्वतंत्र असें कांहीं पुण्य नाहीं, आणि सरस्वतीबाईंचे कष्ट वांचविणारें यंत्र निघालें हें चांगलेंच झालें. मात्र साधन सोपें झालें म्हणून पाहणेंहि सोपें झालें, असा जो समज पसरतो तो घातक आहे. शाळकरी मुलांचे छोटे चित्रपट पाहिले तर बहुतेकांत एकच दोष आढळतो. दहा मिनिटांत जन्म, प्रेम, व्यसन, पश्चात्ताप आणि मरण एवढें सगळें कोंबलेलें असतें, वर संगीताचा कल्लोळ, आणि शेवटीं उपदेश. मोठ्या चित्रपटाची ती दाटून बसविलेली नक्कल असते. मुलांनीं शेजारचें घर पाहिलेलें असतें, गांवचा बाजार पाहिलेला असतो, आजीचे हात पाहिलेले असतात. पण त्यांतलें कांहींच त्यांच्या पटांत येत नाहीं, कारण तें दाखविण्याजोगें आहे असें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

तें सांगणें हें शिक्षकाचें काम आहे, आणि आईबापांचेंहि. मुलानें मोबाइल हातीं घेतला कीं ‘अभ्यास सोडून हें काय?’ असा प्रश्न घरांत उठतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर मूल त्या यंत्रानें काय पाहतें यावर अवलंबून आहे. जें मूल एखाद्या वस्तूकडे महिनाभर नेमानें पाहूं शकतें, तें अभ्यास सोडून कोठें गेलेलें नसतें.

यंदाची भातकापणी झाली म्हणजे पालीच्या एखाद्या विद्यार्थ्यानें नारळाच्या करवंटींत ओली माती भरून पावट्याचा एक दाणा पेरावा. करवंटी खिडकींत एका जागीं ठेवावी, मोबाइलसाठीं विटांचा पक्का आधार करावा, आणि रोज ठरलेल्या वेळीं चित्रें घ्यावीं. मधल्या काळांत सुटी येईल, पाहुणे येतील, एखादे दिवशीं कंटाळा येईल, धाकटें भावंड विटा हलवील. एखादा दाणा कुजेल आणि दुसरा पेरावा लागेल. महिन्यानंतर जो मिनिटाचा पट होईल त्याला पारितोषिक मिळेलच असें नाहीं. शेजारीं तो पाहतील आणि चांगला आहे म्हणतील, एवढेंच. परंतु ज्या मुलानें तो केला त्याला, पुढच्या वर्षीं शेतांत मातीला गेलेली पहिली भेग दिसेल, आणि पाणी घालण्याची आठवण जिनें ठेवली त्या आईचें नांव पटाच्या अखेरीस घालण्याचें त्याला आपण होऊन सुचेल.