नटण्याची हौस आणि नटण्याचा हक्क
(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या नवरात्रातली गोष्ट सांगते. सकाळची लोकल. बायकांचा आख्खा डबा जांभळा. वर्तमानपत्रात छापून आलेला त्या दिवसाचा रंग! मीही कपाट उपसून जांभळी ओढणी शोधली होती. संस्थेच्या ऑफिसात पोचल्यावर आम्ही फोटोसाठी उभ्या राहिलो आणि मोबाइल दिला कुणाच्या हातात? आमच्या सफाई करणाऱ्या ताईंच्या. त्यांची साडी हिरवी होती. "माझ्याकडे तो रंग नाही बाई," असं म्हणून त्यांनी फोटो काढला. फोटोत त्या नाहीत. आणि आम्ही म्हणे स्त्रियांच्या हक्कांचं काम करतो!

मोठ्या बायका अशा का नटतात? "बायकांना हौसच असते," असं म्हणून हा प्रश्न टाळला जातो. हौस असतेच, आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. घर, नोकरी, दुखणी-खुपणी यांतून नऊ दिवस तरी स्वतःकडे बघायला मिळतं. अनोळखी बाईही त्या रंगामुळे आपली वाटते. मंगळागौरीच्या रात्री सून पदर खोचून सासूची नक्कल करते, तेव्हा एरवी गिळलेलं बरंच काही त्या सोंगातून बोलून घेते. मोठ्या बाईला खेळायची परवानगी आपल्याकडे सणालाच मिळते.

पण वेष नेहमीच आपल्या मर्जीचा नसतो. बाईच्या अंगावरच्या कपड्यांतून तिची जात कळावी, नवरा आहे की नाही ते कळावं, अशी व्यवस्था समाजाने करून ठेवली. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितलं, की जात ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची रीत आणि तसले दागिने सोडून द्या. बायकांनी नेसण्याची पद्धत लगेच बदलली. वरवर पाहता बदल लुगड्याचा होता. नाकारली ती जातीची खूण.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांनी हे अनुकरण करावं, असं परिपत्रक काढलं. पण कागदावरचा ठराव हळदीकुंकवाच्या पाटापर्यंत पोचायला वेळ लागतो. आमच्या वस्तीतल्या एका गटात एक विधवा बाई हिरव्या बांगड्या घालून आली, तेव्हा "हिला कशाला हौस?" असं कुजबुजणाऱ्या बायकाच होत्या.

म्हणजे एकीवर नटण्याची सक्ती, दुसरीला नटण्याची बंदी आणि तिसरीला परवडतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की नटू या, पण रंग आणि रीत दुसऱ्या कुणी ठरवून दिली म्हणून नको. जिला नटायचं नाही तिलाही मोकळीक असू दे.

नंतर मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्यात काय! पुढच्या वर्षी जिच्याकडे जे असेल ते नेसू या की." यंदा आमच्या ऑफिसात तसंच करायचं ठरलंय. तुमच्या गटातही बोलून बघा. आणि फोटोला उभ्या राहण्याआधी, फोटो कोण काढतंय तेवढं जरूर बघा.