थोडी फट हवी

आमच्या २.४ लिटरच्या होंडा सीआर-व्हीचं इंजिन टिकटिक करू लागलं. मुलीला बाळंतपणासाठी घाटावरून आणायचं होतं. मेकॅनिक मेहुण्याला म्हटलं, "हा आवाज बंद कर."

इंजिन रात्रभर थंड झाल्यावर त्यानं वरचं झाकण काढलं. पहिला पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला आणून फिलर गेजची पाती सरकवली. इनलेटला ०.२१ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी, जास्त तापणाऱ्या एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३२. पाती किंचित अडत सरकली पाहिजे. मग १-३-४-२ या क्रमानं सोळाही व्हॉल्व्ह तपासले.

टिकटिकणारा इनलेट निघाला. नट सैल करून, स्क्रू फिरवून तो जुळवला. पण तिसऱ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्टला ०.१५ ची पातीही शिरेना.

"दुल्हाभाई, खरा धोका हा. धातू तापून वाढला की हा व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही. सीटवर टेकला नाही तर उष्णता बाहेर जाणार कुठून? जळून जाईल."

"पण याचा तर आवाजच नव्हता!"

"फट नाही, तर वाजणार काय?"

लेक सुखरूप घरी आली. इंजिनाची बारीक टिकटिक अजून ऐकू येते. आता मी ती बंद करायला सांगत नाही.