रूळ एकाचे, गाड्या दुसऱ्याच्या



ब्रिटनची रेल्वे १९४८ साली सरकारी झाली. १९९३ च्या कायद्याने ती खाजगी करायचे ठरले, पण तुकडे पाडून. रूळ रेलट्रॅककडे, डबे भाड्याने देणाऱ्या ३ कंपन्या वेगळ्या, प्रवासी गाड्या चालवणाऱ्या २५ आणखी वेगळ्या. पंतप्रधान जॉन मेजर यांचा ओढा मात्र १९४७ पर्यंत होत्या तशा प्रादेशिक कंपन्यांकडे होता. तिथे रूळ आणि गाड्या एकाच मालकाच्या. समजा, तसेच झाले असते तर?

आम्ही बँकेतली माणसे, वही बघून बोलतो. दोन्ही बाजू एकाच वहीत असल्या की रूळ न बदलल्याचा तोटा मालकालाच सोसावा लागतो. इथे रूळ रेलट्रॅकचे, देखभाल कंत्राटदाराची. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळ रूळ तुटून ४ प्रवासी दगावले. तो रूळ खराब असल्याचे आधीच ठाऊक होते; बदलीचा रूळही आणून ठेवलेला होता. वर्षभरात रेलट्रॅकचे दिवाळे वाजले. २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे गेले आणि २०२४ च्या कायद्याने गाड्याही टप्प्याटप्प्याने सरकारकडे परतू लागल्या.

प्रादेशिक कंपन्यांनी तिकिटे स्वस्त दिली असती, असे मी म्हणत नाही. मक्तेदारी ती मक्तेदारीच. पण जाब कोणाला विचारायचा, एवढे तरी प्रवाशाला कळले असते. आपल्याकडे असा विषय निघेल तेव्हा किमतीच्या आधी जबाबदारी कोणाच्या नावावर पडते, ते पाहावे, इतकेच सांगून रजा घेतो.