प्रतिकाराला लगामही हवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी जमलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, कोविडच्या काळात ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र काढ्याच्या बाटलीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे छापला गेला. आपल्यापैकी काहींच्या चिठ्ठ्यांवरही तो उमटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं बरं, ही त्यामागची समजूत. मला ती मुळातच चुकीची वाटते. प्रतिकार आवरणं हेही प्रतिकारशक्तीचंच काम आहे, आणि ते कसं चाललंय हे पाहायचं तर रक्ताचा नमुना पुरत नाही, लसिकाग्रंथीत डोकावावं लागतं.

याचा पुरावा विदर्भाला दुरून आणावा लागत नाही. वरोऱ्याचं आनंदवन आणि अमरावतीचं तपोवन ज्या रोगामुळे उभं राहिलं, तो कुष्ठरोगच घ्या. लेप्रोमॅटस प्रकारात त्वचेत जंतूंची रेलचेल असते, तरी लेप्रोमिन चाचणी कोरी राहते. गंमत म्हणजे हाच रोगी इतर बहुतेक जंतूंशी नीट लढतो. मौन असतं ते या एकाच जंतूपुरतं. त्याच्या लसिकाग्रंथीत टी-पेशींची हक्काची जागा जंतूंनी भरलेल्या भक्षक पेशींनी व्यापलेली दिसते. हे मौन मोडता येईल का, असा प्रश्न मुंबईत फार आधी विचारला गेला. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात खानोलकर, कमल रणदिवे यांच्या काळात, 1958 मध्ये, कुष्ठरोग्याच्या ऊतींतून एक जंतू वाढवला गेला आणि त्यापासून पुढे, 1979 मध्ये, डॉ. म. गो. देव यांच्या पुढाकाराने लस तयार झाली. अलीकडे दिल्लीत इंदिरा नाथ आणि सहकाऱ्यांना अशा रोग्यांमध्ये टीजीएफ-बीटा स्रवणाऱ्या, फॉक्सपी3 असलेल्या नियामक टी-पेशी वाढलेल्या आढळल्या. पण मौन मोडलं की सगळं चांगलंच होतं असं नाही. रिव्हर्सल रिअ‍ॅक्शनमध्ये प्रतिकार परततो आणि चट्टे लाल होऊन सुजतात. कोपराजवळची नस दोरीसारखी जाड होऊन दुखते आणि वेळेवर प्रेडनिसोलोन मिळालं नाही तर बोटं वाकडी होतात. ही नस जंतूपेक्षा आपल्याच पेशींनी जास्त चिरडलेली असते.

यावर जुने जाणकार म्हणतील की दमन करणाऱ्या पेशींची गोष्ट 1970 पासून ऐकतोय, ऐंशीच्या दशकात ती बुडालीही. खरं आहे. ज्या जनुकावर तो डोलारा उभा होता, ते सांगितलेल्या जागी सापडलंच नाही. मात्र 1995 मध्ये साकागुची यांनी सीडी25 या खुणेवरून नियामक पेशी वेगळ्या काढल्या. 2001 मध्ये ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी फॉक्सपी3 जनुक शोधलं. ते बिघडलेली मुलं तान्हेपणीच मधुमेह, जुलाब आणि इसबाने आजारी पडतात. म्हणजे लगाम तुटला की काय होतं, ते माणसातच दिसलं. 2025 चं नोबेल या तिघांना मिळालं. तरीही रक्तातल्या या पेशींच्या मोजदादीवर फार विसंबू नये. माणसात लढाऊ टी-पेशीही उत्तेजित झाल्यावर काही काळ फॉक्सपी3 दाखवतात, आणि शरीरातल्या एकूण लिंफोसाइटपैकी रक्तात असतात जेमतेम दोन टक्के.

‘तालुक्याच्या डॉक्टरला याचा काय उपयोग?’ हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर रोजच्या क्षयरोग्यात आहे. क्षयाची औषधं सुरू असताना मानेची गाठ कमी व्हायची ती वाढते, कधी फुटते. घरचे घाबरतात, आपण औषध बदलू पाहतो. पण ही वाढ दोन कारणांनी होऊ शकते: जंतू औषधाला जुमानत नाही, किंवा औषध लागू पडलंय आणि दबलेला प्रतिकार उसळलाय. पहिल्याला औषध बदलावं लागतं, दुसऱ्याला बहुधा धीर पुरतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी सारख्याच दिसू शकतात. जंतू वाढतो का, हे कल्चरच सांगतं. आणि आपल्याकडे काढलेली गाठ सवयीने सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये जाते, तिथे जंतू मरतो. म्हणून माझी विनंती आहे: यापुढे गाठ काढाल तेव्हा तिचे दोन भाग करा, एक फॉर्मॅलिनमध्ये घाला, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, आणि तो त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना करा.