वाईट बातमी कोणी आणायची?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय ‘रेड कंट्रोलरचा कर्नल ड्रायव्हर’ असा छापलाय. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरी होती, उद्या मधुमेह आहे. मधल्या दिवशी मी. (हशा) चिटणीसांनी फोनवर विचारलं होतं, ‘ड्रायव्हर म्हणजे गाडीचाच ना?’ मी हो म्हणून टाकलं. नाहीतर ही तारीखही मधुमेहाला गेली असती.

रेड म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी निबंध लिहिला, की एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र जुंपा. स्वस्त माल दगा देणार, म्हणून थोडी जादा नोंद ठेवा. तीन वह्यांत तीन आकडे, चौथीत त्यांची बेरीज. कुठलीही एक वही हरवली तर वजाबाकीने आकडा परत मिळतो. दोन हरवल्या की हरी हरी. खरं तर ती बेरीज नसते, पण चालवून घ्या.

हा सगळा हिशेब कंट्रोलर नावाचं एक कार्ड आतल्या आत करतं आणि संगणकाला सांगतं, ‘माझ्याकडे एकच मोठी डिस्क आहे.’ ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात; त्या कार्डाशी बोलणारा कर्नलमधला माणूस म्हणजे ड्रायव्हर. तो मेमरीत मागणीचं पाकीट ठेवतो आणि कार्डाची बेल वाजवतो. ही बेल म्हणजे कार्डावरचं एक रजिस्टर, आणि त्याला खरोखरच डोअरबेल म्हणतात. कार्ड पाकीट उचलतं, काम करतं, आणि झालं की इंटरप्ट देऊन ड्रायव्हरला उठवतं. अडॅप्टेक कंपनीच्या काही कार्डांत या पाकिटाला फिब म्हणतात. इंग्रजीत फिब म्हणजे थाप. (हशा) नाव मी ठेवलेलं नाही!

आता माझा हट्ट सांगतो. वाचणं-लिहिणं हे ड्रायव्हरचं निम्मं काम. आतली एक डिस्क मेली, ही बातमी वर पोचवणं हे उरलेलं निम्मं. आणि तिथेच त्याच्या तोंडाला कुलूप असतं.

एक छोटी गोष्ट सांगतो, दोन मिनिटांची. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत मला बोलावलं. मार्च अखेर, सर्व्हर बंद. तो स्टेशनरीच्या खोलीत होता आणि त्याच्यावर गोधडी! मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून. शिपाईमामा म्हणाले, ‘तसं नाही साहेब, दिवाळीपासून तो रातकिड्यासारखा ओरडायचा. कॅशियरबाईंचं डोकं उठायचं.’ म्हणजे पहिली डिस्क दिवाळीत गेली होती. कार्ड इमानेइतबारे बोंबलत होतं आणि यांनी त्याला पांघरूण घातलं. मॅनेजरसाहेबांना वाटत होतं, यूपीएस वाजतोय. मार्चमध्ये दुसरी गेली. मघाशी मागून कोणीतरी विचारलंत ना, दोन एकदम कशा जातील? सहसा एकदम जात नाहीत हो! पहिली गेलेली कळत नाही, म्हणून दुसरीला सवड मिळते.

बरं, ऑपरेटिंग सिस्टिमने काय केलं? काहीच नाही. तिच्या दृष्टीने ती ‘एक मोठी डिस्क’ ठणठणीत होती. आतली खबर विचारणारी कार्डाच्या कंपनीची सीडी टेबलाच्या खणात सापडली, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. आणि फोडून उपयोग नव्हता, ती त्यांच्या लिनक्सच्या आवृत्तीवर चालतच नव्हती.

वाचवलं कोणी? संगणकावर काडीचा विश्वास नसलेल्या एका जुन्या कारकुनाने. तो रोज संध्याकाळी डॉट मॅट्रिक्सवर कीर्द छापून दोऱ्याने बांधून ठेवायचा, आणि सगळे त्याला हसायचे. त्या गठ्ठ्यांवरून पाच जणांनी अकरा दिवस नोंदी पुन्हा भरल्या. मीही भरल्या. रात्री त्याच्याकडची पिठलं-भाकरी... (चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं? मला वाटलं, अर्धा तास आहे.)

बरं, पिठलं राहू द्या. ड्रायव्हरच्या तोंडाचं कुलूप काढायला कोण निघालं, ते पाहायला कॅनडातल्या कॅल्गरीला जाऊ. तिथले थिओ डी राट हे ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रमुख. त्यांच्याकडे अडॅप्टेकच्या कार्डांसाठी एएसी नावाचा ड्रायव्हर होता. त्यातले दोष काढायला आणि कार्डाला आतली खबर विचारायला त्यांनी कंपनीकडे तांत्रिक कागदपत्रं मागितली. मिळाली नाहीत. मार्च २००५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की येणाऱ्या ३.७ आवृत्तीच्या प्रमाण कर्नलमध्ये हा ड्रायव्हर नसेल. आणि मे महिन्यात ती आवृत्ती तशीच आली. चालू असलेली गोष्ट मुद्दाम काढली! ज्यांनी ती कार्डं विकत घेतली होती ते चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी डी राटांच्या बाजूचा. अर्धवट ड्रायव्हर म्हणजे ती गोधडीच.

समोरचे दोन तरुण मघापासून मान हलवताहेत. कळलं मला. लिनक्समध्ये एएसीरेड, मेगारेड-एसएएस हे ड्रायव्हर खुले आहेत, कंपन्यांनी स्वतः हातभार लावलाय. कबूल. पण आतली कुठली डिस्क आजारी, हे विचारायला आर्ककॉन्फ, स्टोरसीएलआय बहुतेकदा ही कंपन्यांची बंद साधनंच लागतात ना? मी कंपन्यांचा शत्रू नाही. माझा मुलगा त्यातल्याच एकीत आहे. (हशा) आम्ही जेवताना हा विषय काढत नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये ओपनबीएसडी ३.८ आली. तिच्यात बायोसीटीएल नावाची एक छोटी आज्ञा होती, सुरुवातीला मेगारेड कार्डांच्या एएमआय ड्रायव्हरसाठी. ती डिस्कांची यादी देते, कोणती गेली ते सांगते, कपाटात त्याच डिस्कचा दिवा लुकलुकवते, म्हणजे चुकून चांगली डिस्क उपटली जात नाही. कर्कश भोंगा बंद करायची सोयही आहे तिच्यात. गोधडी लागत नाही.

बॅटरीचं राहिलंच. कार्ड ‘लिहिलं’ म्हणतं तेव्हा पुष्कळदा ते डिस्कवर नसतं, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत बॅटरीच्या भरवशावर असतं, आणि ती बॅटरी मेली तर... दुसरी चिठ्ठी. हो हो, थांबतो. बाहेर चहा आहे म्हणतात. ज्यांच्या घरी सर्व्हर ओरडतोय त्यांनी मला तिथे गाठा.