नाकतोड्याची उडी



नाकतोडा एवढी लांब उडी कशी मारतो, या प्रश्नास वर्गात बहुधा एकच उत्तर मिळते : त्याचे मागचे पाय लांब असतात म्हणून. उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. डासाचेही पाय लांबच असतात. तो काही अशी उडी घेत नाही.

भाद्रपदात बांधावर सापडणारा एखादा नाकतोडा रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावा, तोंडास फडके बांधावे व मुलांना तो स्वस्थपणे पाहू द्यावा. पुढील चार पाय बारीक असतात. चालणे, गवताचे पाते धरणे ही कामे मुख्यतः त्यांची. पावलाच्या टोकास दोन नख्या व त्यांच्यामध्ये एक मऊ गादी असते, म्हणून तो काचेवरही चढतो. मागील पायाची मांडी मात्र बुडाशी जाड व गुडघ्याकडे निमुळती असते. तिच्यावर माशाच्या काट्यासारखी तिरपी नक्षी दिसते. ती केवळ शोभेची नव्हे. आतील आखूड स्नायुतंतू त्याच रेषांना अनुसरून कवचास जोडलेले असतात. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ तंतू मावतात आणि ओढ जबर होते.

तथापि जबर ओढणारा हा स्नायू मंद आहे. केवळ त्याच्या आकुंचनाने नाकतोडा फारसा उडणार नाही. येथे बेचकीचे उदाहरण द्यावे. ते प्रत्येक मुलास ठाऊक असते. रबर सावकाश ताणले जाते, पण सुटते क्षणार्धात. नाकतोडा उडीपूर्वी नडगी मांडीस घट्ट मिटतो. मांडीतील मोठा स्नायू ती उघडू पाहतो, लहान स्नायू ती मिटून धरतो. पाय पूर्ण दुमडलेला असता लहान स्नायूस तरफेचा लाभ अधिक मिळतो, म्हणून दुबळा असूनही तो टिकाव धरतो. या ओढाताणीत गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे अर्धचंद्राकृती कवच धनुष्यासारखे वाकते. लहान स्नायू सैल पडताच साठलेली शक्ती एकदम मोकळी होते. वाळवंटी टोळावरील बेनेट-क्लार्क यांचे संशोधन १९७५ साली प्रसिद्ध झाले. शक्ती साठविण्यास पाव ते अर्धा सेकंद लागतो, तर ती सुटते सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात. त्या वेळी टोळाचा वेग सेकंदास सुमारे ३ मीटर असतो.

मुले नाकतोड्यास तंगडी धरून उचलतात, कित्येकदा तिला दोराही बांधतात. ही खोड शिक्षकाने वेळीच मोडावी. शत्रूच्या तावडीतून निसटण्यासाठी नाकतोडा तो पाय मांडीच्या बुडाशी तोडून टाकतो, आणि प्रौढ झाल्यावर तो कात टाकीत नसल्याने तो पाय पुन्हा कधीच येत नाही. उरलेल्या एका पायावर त्याची उडी तोकडी पडते व पक्ष्यास तो सहज सापडतो. पाहणी संपताच बरणी बांधावर नेऊन मोकळी करावी. पाय हाताळून दाखवावयाचा असल्यास पिलांनी टाकलेली कात गवतास लटकलेली आढळते. मांडी, नडगी व काटे तिच्यात जसेच्या तसे असतात.