हातात नुसती काडी : झुबिन मेहता आणि त्यांच्या मागे राहिलेली मुंबई

परवा घरी टीव्हीवर यूट्यूब लावून व्हिएन्नाचा २०१५ चा न्यू इयर कॉन्सर्ट बघत होतो. आजी शेजारी येऊन बसली. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "एवढी माणसं वाजवायलीत, अन् हा मधला नुसता काडी हलवायलाय. ह्याला पैसे कशाचे?"

तो मधला माणूस म्हणजे झुबिन मेहता. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १९३६.

आजीचा प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तर ऐकायचं असेल तर बेथोव्हेनची पाचवी सिंफनी लावा, ती "टा-टा-टा-टाऽ"वाली. तिची सुरुवात सुरापासून होत नाही, एका छोट्या विश्रांतीपासून होते. पहिला ठोका रिकामा, मग सूर. ऐंशी माणसांनी ती शांतता एकाच मापाची मोजायची. मोजणार कशी? काडी बघून. कंडक्टरचा हात आवाजाच्या आधी चालतो, आणि येणारा सूर किती वेगाचा, किती जड, हे तो आधीच सांगून ठेवतो. खरं काम तर तालमीतच झालेलं असतं.

आता गंमत बघा. सतारवाला खोलीत बसून रियाज करतो. मी सिडकोतल्या एका खोलीत लॅपटॉपवर कोड लिहायला शिकलो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे मात्र ऐंशी-शंभर माणसं. ती आणायची कुठून?

झुबिनच्या घरी थोडी सोय होती. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे, १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. वादकांमध्ये बरेच गोव्याचे, चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकलेले. पण पोट भरेल असं ते काम नव्हतं. मुलाला डॉक्टर करायचं ठरलं (ओळखीचं वाटतंय ना?). सेंट झेवियर्समध्ये थोडं शिकून त्यानं ते सोडलं आणि १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्ना गाठलं.

तिथे हान्स स्वारोव्स्की नावाचे गुरू मिळाले. शिकायला वाद्य घेतलं डबल बेस. पण मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला विद्यार्थ्यांना आत सोडत नसत. मग झुबिन आणि त्याचा मित्र क्लाउदिओ अब्बादो यांनी डोकं लावलं. दोघं कोरसमध्ये गायला भरती झाले! गायक म्हणून समोर उभं राहायचं आणि कारायानचे हात बघत बसायचं. मला ह्या पूर्ण गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. पण पुढचं करिअर उघडलं ते बदली खेळाडू म्हणून. १९६० मध्ये माँट्रियलला इगोर मार्केविच (जन्म रशियन साम्राज्यातल्या कीव्हचा) येऊ शकले नाहीत, झुबिन उभा राहिला. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रिट्झ राइनरच्या जागी. त्याच वर्षी इस्राएलला यूजीन ऑर्मंडीच्या जागी. १९६२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीत संचालक. पुढे १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, आणि इस्राएलशी नातं तर २०१९ पर्यंत.

लोक ह्याला नशीब म्हणतात. मी नाही म्हणत. माझ्या टीममधला सिनियर अचानक सोडून गेला तेव्हा मलाही "तात्पुरता" लीड केलं होतं. माझा स्वतःचा मॉड्यूल पाठ होता, बाकीचा कोड मी कधी उघडलाच नव्हता. पहिलं रिलीज रात्री दोनला मागे घ्यावं लागलं. चूक पूर्ण माझी. बदलीचा फोन येतो तेव्हा वाचायला वेळ नसतो, अख्खा स्कोअर आधीच डोक्यात लागतो. फक्त आपली ओळ नाही, सगळ्यांच्या ओळी.

पण मुंबईत राहिलेल्यांचं काय? १९५८ मध्येच, म्हणजे लिव्हरपूलच्याच वर्षी, मुंबईत एका गोवेकर व्हायोलिनवादकानं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागांवर आधारित रचना, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. त्याचं नाव अँथनी गोन्साल्विस. हो, 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातलं तेच नाव. त्या गाण्याचे संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९६५ मध्ये तेही अमेरिकेला गेले. परत आले ते गोव्याला, सिनेमात नाही. मेहलीसुद्धा १९५५ मध्येच मँचेस्टरला निघून गेले होते.

म्हणून झुबिन गेला ह्याचं मला वाईट वाटत नाही. त्यानं भारताचा पासपोर्ट सोडला नाही, १९९४ मध्ये इस्राएल फिलहार्मोनिकला घेऊन मुंबईत वाजवूनही गेला. वाईट ह्याचं वाटतं की गोन्साल्विसांकडे वादक होते, रचना होत्या, गायला लतादीदी होत्या, आणि तरी तो ऑर्केस्ट्रा टिकला नाही. एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तो थेट २००६ मध्ये, कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेन्गालिएव्ह यांना सोबत घेऊन. म्हणजे आता वादक तिकडून इकडे येतात.

आजीचं सांगायचं राहिलं. कॉन्सर्टच्या शेवटी राडेट्झ्की मार्च असतो. त्यात कंडक्टर प्रेक्षकांकडे वळतो आणि टाळ्या कधी हळू, कधी जोरात, ते हातानं सांगतो. बघतो तर आजी टाळ्या वाजवायलेली. त्यांनी हात खाली केला, तशी ही पण थांबली.